पांढरं पातळ

"मास्तर, निळा जरा चढलाय."

इम्तियाज हे फार हळू बोलला, तरी पोह्यांच्या बशा घेऊन येताना मला ते ऐकू आलं आणि मी दारातच थबकले. आमच्या घरात येऊन आमच्या ह्यांना रंगातलं काही सांगायचं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालायचा. इम्तियाज कोल्हापूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा, आकाश बघणाऱ्या हौशी मंडळींचं एक मंडळ चालवायचा, आणि स्वभावानं इतका गरीब की रिक्षावाल्याशीही वाद घालायचा नाही. त्याच्यावर ही वेळ यावी याचंच मला वाईट वाटलं.

हे खुर्चीत मागे टेकून बसले होते. समोर कॉम्प्युटरवर भोवरा दीर्घिका. दीर्घिका म्हणजे काय हे मला समजावताना ह्यांनी एकदा सांगितलं होतं की ते ताऱ्यांचं गाव असतं, कोट्यवधी वस्तीचं. मी ते तसंच धरून ठेवलंय. सप्तर्षींच्या शेपटाला मरीची नावाचा तारा आहे, त्याच्या बाजूला हे गाव. नुसत्या डोळ्यांनी तिथं काहीच दिसत नाही. दुर्बिणीला कॅमेरा लावून त्याच एका जागेचे रात्रभर फोटो घ्यायचे, मग ते कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे आणि त्या काळोखातून हळूहळू रंग वर काढायचा. फोटो एका रात्रीत होतात. रंगाला मात्र आमच्याकडे महिना महिना लागायचा, आणि त्या महिन्यात मी ह्यांच्याशी जेवण आणि चहा सोडून दुसरं काही बोलू शकायची नाही.

"चढलाय म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"म्हणजे बघा, ही मोठी दीर्घिका. आणि तिच्या भोवऱ्यासारख्या वळलेल्या हाताच्या टोकाला ही छोटी. छोटीत बहुतेक सगळे म्हातारे तारे आहेत, ती पिवळसर यायला पाहिजे. मोठीचा मधला भागही पिवळसर. तुमच्यात सगळंच निळं आलंय."

"मला पिवळी दिसतीय की ती."

"मास्तर, नंबर बघूया का? त्या जागेवर माऊस नेला की लाल किती, हिरवा किती, निळा किती, सगळं कळतं बघा."

झालं. नंबर हा शब्द निघाला आणि मी बशा घाईघाईनं टेबलावर ठेवल्या.

त्याचं असं की, हे इचलकरंजीच्या एका प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, रंगमास्तर होते. कापडाचं ठाण रंगून आलं की उत्तरेच्या खिडकीशी उभं राहून नमुन्याशी ताडून बघायचं आणि 'लाल चिमूटभर वाढवा' किंवा 'जाऊ दे' म्हणायचं, हे ह्यांचं काम. अरविंद मास्तरांनी 'जाऊ दे' म्हटलेला माल कधी परत आला नाही, असं गावभर म्हणायचे, आणि ते खरंच होतं. मग मालकांच्या मुलानं रंग मोजायचं मशीन आणलं. कापडाचा तुकडा त्याच्या तोंडाशी धरला की पडद्यावर आकडे यायचे. एक दिवस ह्यांनी पास केलेलं ठाण मशीननं नापास केलं, आणि मुलानं मशीनचं ऐकलं. हे त्या दिवशी दुपारीच घरी आले, डबा न उघडता. पुन्हा गेले नाहीत. त्यानंतर दुर्बीण आली, आकाश आलं, आणि माणूस पुन्हा माणसात आला. त्यामुळे त्या दुर्बिणीचा मी कधी राग राग केला नाही. सवत म्हणून तिची चेष्टा करायची, एवढंच.

"इम्तियाज," हे म्हणाले. आवाज अगदी शांत होता, आणि तेच वाईट. "माझा फोटो प्रदर्शनातनं काढ."

"अहो मास्तर, तुमचा फोटो दारातच लावायचा ठरलाय. पलंगाएवढा छापून. मी फक्त म्हटलं, थोडा..."

"काढ म्हणतोय न्हवं? आणि रविवारी गाडी घेऊन ये. ही दुर्बीण ने. कॅमेरा पण ने. तुझ्या कॉलेजच्या पोरांना होईल. आमच्या डोळ्यांचं काम संपलं, आता नंबरांचं राज्य आहे."

"काकू, तुम्ही तरी सांगा," इम्तियाज माझ्याकडे वळला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"पोहे खा आधी," मी म्हणाले. "आणि रविवारी ये. जेवायलाच ये."

हे उठून आत निघून गेले. इम्तियाजनं दोन घास कसेबसे खाल्ले. जाताना चपला घालता घालता मला म्हणाला, "काकू, मास्तरांनी डोळे दाखवलेत का कुठं? गेल्या वर्षीचे फोटो एवढे निळे नव्हते. त्याच्या आदल्या वर्षीचे तर बरोबर होते. दरवर्षी निळा वाढत चाललाय."

मी नुसती मान हलवली. त्याला काय सांगायचं? मला हे संक्रांतीपासूनच माहीत होतं. कसं, ते पुढं येईलच. पण मोतीबिंदू हा शब्द आमच्या घरात काढायची सोय नव्हती. माझ्या सासूबाईंचा एक डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर गेला होता. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. तालुक्याला शिबिर लागलं होतं, तिथं ऑपरेशन झालं, डोळा चिघळला आणि गेला, इतकंच मला ठाऊक. मी त्या घरात आले तेव्हा त्या एकाच डोळ्यानं भाजी निवडायच्या, आणि त्याबद्दल कुणी काही विचारलं तर त्यांच्याआधी हेच विषय बदलायचे.

त्या रात्री जेवताना मी म्हणाले, "शनिवारी आजऱ्याला जाऊया. सदाला जीप घेऊन बोलावते."

आजऱ्याजवळ डोंगरात माझं माहेर. तिथल्या गच्चीवर दिव्यांचा त्रास नाही, म्हणून हे नेहमी तिथंच फोटो घ्यायचे. सदा माझा धाकटा भाऊ.

"कशाला?"

"द्यायचीच आहे ना दुर्बीण? मग एकदा शेवटचं वापरा. पोरीला सासरी पाठवताना सुद्धा आपण एकदा देवाला नेऊन आणतो."

ह्यांना हसू आलं नाही, पण भाताचा घास तोंडात गेला. म्हणजे जायचं ठरलं.

शनिवारी रात्रभर हे आजऱ्याच्या गच्चीवर होते. मी खाली वहिनीशी गप्पा मारून झोपले. पहाटे सवयीनं जाग आली, कारण पहाटेचं काम माझं होतं आणि ते मी एवढ्या वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं.

ते काम असं. दुर्बिणीच्या काचेवर धूळ असते, कॅमेऱ्यात एखादा कण असतो, कडेला जरा अंधारतं. हे सगळं फोटोत उतरतं. मग आकाशाचा दोष कुठला आणि दुर्बिणीचा कुठला, हे कळायचं कसं? त्यासाठी उजाडायच्या वेळी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून धरायचं आणि त्या नुसत्या पांढऱ्याचे फोटो घ्यायचे. पांढऱ्यावर जे काही डाग, सावल्या उमटतात, ते दुर्बिणीचे स्वतःचे. मग कॉम्प्युटर तेवढे दोष दीर्घिकेच्या फोटोतून पुसून टाकतो. ह्याला ते लोक फ्लॅट म्हणतात. रबर लावून कापड बसवता येतं, पण त्याला चुण्या पडतात, असं ह्यांचं म्हणणं. म्हणून ते ताणून धरायला मी. आणि कापड म्हणजे सासूबाईंचं पांढरं पातळ. धुऊन धुऊन इतकं तलम झालेलं की दुसरं कुठलंच कापड ह्यांना चालायचं नाही.

मी वर गेले तेव्हा पूर्वेला तांबडं फुटायच्या आधीचा तो फटफटीत उजेड होता. हे मफलर गुंडाळून कठड्याला टेकले होते. दुर्बिणीकडे बघतही नव्हते.

"झाले का फोटो?"

"झाले. चांगली रात्र होती." मग जरा थांबून म्हणाले, "फ्लॅट राहू देत. आता रंग कोण काढणार आहे?"

"काढा की. माझी सवय मोडायची नाही." मी पातळ उलगडलं आणि दुर्बिणीच्या तोंडावर ताणून धरलं. ह्यांनी एक सुस्कारा टाकून बटण दाबलं. कॅमेरा खट् खट् करायला लागला. थंडीनं माझी बोटं गारठली होती, पण मी पातळ सोडलं नाही. मनातल्या मनात बोलायचं काय ते घोळवत होते.

कॅमेरा थांबला. मी पातळ काढून घेतलं, पण घडी घातली नाही. उजेडाकडे तोंड करून दोन्ही हातांनी ते ह्यांच्यासमोर धरलं.

"मास्तर," मी म्हणाले. मी ह्यांना कधी मास्तर म्हणत नसे. "ठाण आलंय. पास करा."

"काय लावलंयस पहाटे पहाटे?"

"उत्तरेची खिडकी नाही, पण उजेड चांगला आहे. डावा डोळा झाका आणि सांगा, कापड कसं आहे."

"शालन, मला झोप आलीय."

"एवढं ठाण बघा आणि मग झोपा."

ह्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुढं आले, पातळाचा पदर दोन बोटांत धरला, अगदी पूर्वी धरायचे तसा, आणि डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"ब्लीच नीट बसलेलं नाही," हे लगेच म्हणाले. "पिवळट राहिलंय. मांजरपाटासारखं. परत पाठव."

"आता उजवा झाका."

ह्यांनी हात दुसऱ्या डोळ्यावर नेला.

मग पुन्हा डावा झाकला. पुन्हा उजवा. मग पातळाचा दुसरा काठ ओढून बघितला. माझ्या मागे आणखी एखादं कापड आहे की काय, तेही वाकून बघितलं. मला त्या क्षणी फार रडू आलं होतं, पण हात हलवून चाललं नसतं.

"दुसरं आहे का हे?" ह्यांनी विचारलं.

"एकच आहे. आईंचं पातळ. तुम्हीच काल निघताना पिशवीत भरलंत."

"डाव्यानं पांढरं दिसतंय. म्हणजे, उजव्यापेक्षा पांढरं." आवाज अगदी बारीक झाला होता. "उजव्यानं चहात बुडवून काढल्यासारखं."

मी पातळ खाली घेतलं. हे कठड्याशी मटकन बसले. खाली गोठ्यात वहिनी म्हशीशी बोलत होती, दुधाची धार भांड्यावर वाजत होती.

"एवढ्या वर्षांत फ्लॅट दुर्बिणीचा काढलात," मी त्यांच्या शेजारी बसत म्हणाले. "डोळ्याचा राहूनच गेला."

"इम्तियाज खरं बोलत होता म्हणजे."

"होय."

"आणि ते मशीन?"

"ते मला नाही माहीत. त्या वेळी तुमचा डोळा बरोबर असेलही. पण आत्ता तुमच्या डोळ्यापुढं पिवळा पडदा आहे. तुम्हाला निळं पोचतच नाही, म्हणून तुम्ही टाकत बसता. भाजी खारट झाली तरी मीठ लागत नाही म्हणून घालत राहावं, तसं."

हे हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पातळाचा तो काठ माझ्या हातातून घेतला आणि गुडघ्यावर पसरला.

"आईला मी नेलं होतं," हे म्हणाले. "तुला सांगितलं नाही कधी. ती तयारच नव्हती. चालतंय म्हणायची. मी नुकता कामाला लागलो होतो. पहिली शेड माझ्या हातनं पास झाली होती, डाळिंबी. तिला नेऊन दाखवली तर ती म्हणाली, छान आहे रे, काळा शोभतोय. काळा! मी हट्ट धरला. म्हटलं, चल, ऑपरेशन करून घे, मग तुला माझ्या हातचा रंग दिसेल. उचलून नेल्यासारखी नेली." हे थांबले. "नंतर त्यावरून ती एकदासुद्धा बोलली नाही मला. बोलली असती तर बरं झालं असतं."

तीस वर्षं संसार करून मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, मोतीबिंदूचं नाव काढलं की हे चिडतात ते डोळ्याच्या अभिमानापायी. अभिमान होताच, पण त्याच्याखाली ही भीती होती, आणि भीतीच्याही खाली ते शिबिर.

मी म्हणाले, "तेव्हा आतली काच नुसती काढून टाकायचे. वर जाड चष्मा द्यायचे. आता नवी काच बसवतात. तुम्ही दुर्बिणीची काच खराब झाली तर काय करता? दुर्बीण मोडीत घालता?"

"काच बदलतो."

"मग?"

ह्यांनी पुन्हा एकदा उजवा डोळा झाकून पातळाकडे बघितलं, मग डावा झाकून. मग पातळाची घडी घातली. घडी नेहमी मी घालायची. त्या दिवशी ह्यांनी घातली, काठाला काठ जुळवून, ठाणाची घालतात तशी.

"भीती वाटते गं," हे म्हणाले.

"मलाही वाटते," मी म्हणाले. "पण मी येणार आहे ना बरोबर."

दुपारी इचलकरंजीत पोचलो तेव्हा इम्तियाज दाराशीच उभा होता. शेजारी मित्राची गाडी, मागच्या सीटवर दुर्बीण नीट बसावी म्हणून अंथरलेली गादी. बिचाऱ्यानं सगळी तयारी केली होती, आणि चेहरा मात्र मयताला आल्यासारखा.

हे जीपमधून उतरले. म्हणाले, "गाडी आणलीयस ते बरं केलंस. दुर्बीण राहू दे. मला उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडं ने."

इम्तियाजनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "आधी जेवा सगळे."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. यंत्रातून बघून म्हणाल्या, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू चांगलाच पिकलाय, डाव्यातला मागोमाग येतोय. डोळ्यामागचा पडदा उत्तम आहे, नस उत्तम आहे. हे ऐकून मी देवाला हात जोडले. ह्यांनी मात्र चौकशी सुरू केली. काच कुठली बसवणार? तिच्यावर थर कसला? दोन प्रकार असतात असं कळल्यावर विचारलं, दोन्हीत फरक काय? बाई म्हणाल्या, एक स्वच्छ असते आणि एकीला किंचित पिवळी छटा असते.

"पिवळी अजिबात नको," हे जवळजवळ ओरडलेच. "त्या पिवळ्यापायी तर इथं आलोय. स्वच्छ घाला."

बाई हसल्या. "काका, काचेबद्दल एवढी चौकशी मला आजवर कुणी केली नव्हती. तुम्ही काय करता?"

ह्यांनी क्षणभर विचार केला. मला वाटलं, निवृत्त म्हणतील. म्हणाले, "रंगमास्तर."

ऑपरेशनला मी बाहेर बसले होते. इम्तियाज शेजारी. फार वेळ लागला नाही, पण तेवढ्यात माझ्या मनानं काय काय बघून घेतलं ते सांगण्यात अर्थ नाही. माझ्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत ते पातळ. का नेलं होतं, मलाच माहीत नाही. सासूबाई बरोबर असाव्यात असं वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पट्टी सोडली. मी त्या दिवशी मुद्दाम एक विशिष्ट साडी नेसून गेले होते. बाईंनी औषधाचे थेंब घातले, डोळा पुसला, म्हणाल्या, "सावकाश उघडा."

ह्यांनी डोळा उघडला. खिडकीकडे बघितलं, भिंतीकडे, बाईंच्या डगल्याकडे. मी पिशवीतून पातळ काढून पुढं धरलं.

ह्यांनी ते बघितलं. हात पुढं करून पदर दोन बोटांत धरला. मग कपाळाला आठ्या पडल्या.

"अगं," हे म्हणाले, "हे पातळ पिवळं पडलंय. खरोखरच पडलंय. बाईंचा डगला बघ आणि हे बघ. ह्याला नीळ घालायला पाहिजे."

मी हसायला लागले ते थांबेचना. एवढी वर्षं आम्ही पांढरं म्हणून दुर्बिणीपुढं धरत होतो ते! दुर्बिणीचे डाग काढायला तेवढं पिवळं चालतं, कॉम्प्युटर सांभाळून घेतो, असं दाराशी उभ्या असलेल्या इम्तियाजनं घाईघाईनं सांगितलं. पण ह्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. हे माझ्याकडे बघत होते. साडीकडे.

"ही निळी कधी घेतलीस?"

"संक्रांतीला. तुम्ही आणलेली."

"मी? संक्रांतीला मी काळी आणली होती."

"हीच ती."

आपल्याकडे संक्रांतीला काळी साडी नेसतात. ह्यांनी त्या वर्षी स्वतः दुकानात जाऊन, ढीगभर साड्या उलगडून, माझ्यासाठी काळी म्हणून ही आणली होती. इचलकरंजीचा रंगमास्तर, ज्यानं जन्मभर काळ्यातले काळे वेगळे केले, त्यानं गडद निळी साडी काळी म्हणून आणली. घडी उलगडताक्षणी मला सगळं कळलं होतं. मी म्हणाले होते, छान आहे हो.

ह्यांनी हळूच विचारलं, "आणि तू ही नेसून हळदीकुंकवाला गेलीस?"

"गेले की. चार घरी."

"बायका काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? रंगमास्तरांच्या बायकोला कोण सांगणार की तुझी काळी निळी आहे? त्यांना वाटलं, काळ्यात ही नवीन शेड आली असेल. पलीकडच्या माईंनी तर दुकानाचं नाव विचारलं."

आता ह्यांना हसू आवरेना. हसता हसता डोळ्याला पाणी आलं, तशा बाई धावल्या, "काका, पाणी नको, पाणी नको, ताण येतो." ह्यांनी माझा हात धरला होता तो सोडला नाही. म्हणाले, "तुझे केस पण पांढरे झालेत गं."

"ते पास करा," मी म्हणाले. "ते परत पाठवायचे नाहीत."

डॉक्टरांनी परवानगी दिली तशी ह्यांनी आजऱ्याच्या त्या रात्रीचे फोटो रंगवायला घेतले. आधी मात्र जुने बघितले. एक एक करून. मी चहा ठेवून शेजारी बसले. शेवटी म्हणाले, "सगळ्या आकाशावर नीळ उपडी केलीय मी," आणि ते सगळे फोटो तसेच राहू दिले, एकही पुसला नाही. मग नव्या फोटोला बसले. एक डोळा झाकून रंग लावायचे, मग दुसरा झाकून बघायचे. इम्तियाज आल्यावर त्याला म्हणाले, "तुझे नंबर काय म्हणतायत बघ जरा." इम्तियाजनं माऊस फिरवला आणि त्याचा चेहरा खुलला. डोळा आणि नंबर जुळले होते. त्या दिवसापासून शेवटी नंबर बघायची पद्धत आमच्याकडे सुरू झाली.

मी ती दीर्घिका तेव्हा पहिल्यांदा खरी बघितली. बाहेरचे हात निळे, त्यांत कुठं कुठं गुलाबी. मधोमध उबदार पिवळं. आणि हाताच्या टोकाला ती छोटी, सगळीच पिवळी, देवाच्या समईएवढी.

प्रदर्शन उन्हाळ्यात झालं. फोटो दारातच, पलंगाएवढा. ह्या लोकांची रीत अशी की फोटोखाली कुठली दुर्बीण, कुठला कॅमेरा, कुठलं ठिकाण, सगळं लिहायचं. मजकूर ह्यांनी मला आधी दाखवला नव्हता. गर्दीतून पुढं होऊन मी वाचला. दुर्बिणीचं नाव, कॅमेऱ्याचं नाव, आजरा. त्याच्याखाली: 'डोळा उजवा, नवा.' त्याच्याखाली: 'फ्लॅटसाठी पांढरं कापड कै. आनंदीबाई मुरगुडे यांचं. ते धरलं शालन मुरगुडे यांनी.'

एक कॉलेजची मुलगी ह्यांना विचारत होती, "काका, मधला भाग पिवळा का हो?"

"म्हातारे तारे आहेत तिथं," हे सांगत होते. "नवे बाहेर, म्हातारे मधे. आधी माझ्याकडनं त्यांचा रंग गेला होता. आता आलाय परत."

मी पदर डोळ्याला लावला आणि शेजारच्या फोटोपुढं जाऊन उभी राहिले.

ह्यालाही आता बरीच वर्षं झाली. डावा डोळाही झाला. पुढच्या संक्रांतीला हे दुकानात गेले, साडी उंबऱ्याबाहेर उजेडात नेऊन दुकानदाराचा जीव खाऊन आले, आणि माझ्यासाठी खरी काळी आणली. इतकी काळी की नाव ठेवायला जागा नाही. ती कपाटात आहे, लग्नाकार्याला नेसते. संक्रांतीला मात्र मी दरवर्षी ती निळीच नेसते. नवी सून-पोर कुणी विचारते, "काकू, आज काळी नाही का?"

मी सांगते, "आमच्याकडं हीच काळी."